हमीची किंमत : खेळाडूचा मोबदला कशावर ठरतो?

उमेश यादवने भारताकडून ५७ कसोटी सामने खेळून १७० बळी घेतले. त्याचे वडील वेकोलिच्या कोळसा खाणीत कामगार होते आणि घर नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात, वलनी-खापरखेड्याच्या खाणपट्ट्यात. नावारूपाला येण्याआधी या मुलाने पोलीस शिपाई होण्याची धडपड केली होती. ती भरती हुकली. २००८ मध्ये तो विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला आणि २०११ मध्ये कसोटी संघात आला. पुढे २०१७ मध्ये, आयपीएल आणि भारतीय संघ अशा दोन्हीकडून चांगले पैसे मिळत असताना, तो क्रीडा कोट्यातून नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत सहायक व्यवस्थापक म्हणून रुजू झाला.

कोटींच्या बोली लागणाऱ्या गोलंदाजाला बँकेतली नोकरी का महत्त्वाची वाटावी? हा प्रश्न नरखेड तालुक्यातल्या कोणत्याही घरात विचारला, तर समजावून सांगायची गरज पडणार नाही. मोवाड असो, जलालखेडा असो की सावरगाव, गावातला जो पोरगा टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये जोरात गोलंदाजी करतो, तोच पहाटे उठून भरतीच्या ग्राउंडची तयारीही करतो. खेळ त्याला आवडतो, पण आईवडिलांची नजर भरतीच्या जाहिरातीकडे असते. घरच्यांना खेळाचे वावडे नसते. त्यांना दर महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार जमा होणारे आयुष्य हवे असते.

नोकरीची हमी आणि मिळणारा पैसा यांचे नाते नेमके काय, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. हमी वाढली की पगार घटतो, असे साधारणपणे मानले जाते. खेळाच्या दुनियेत हे गृहीतक तपासून पाहता येते, कारण तिथे प्रत्येकाची कामगिरी आकड्यांत मोजलेली असते आणि करारही बहुधा जाहीर असतो. त्यात अमेरिकेतल्या बेसबॉलचा इतिहास सर्वांत बोलका आहे. आपल्या विदर्भातल्या क्रिकेटचे गणितही त्यातून स्पष्ट होते.

सालगडी आणि रोजंदार

संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे गणित वेगळ्या रूपात ठाऊक आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास शेतमालक सालगडी ठेवतो. वर्षाचा आकडा ठरतो, काही रक्कम उचल म्हणून आधी दिली जाते आणि मग वर्षभर पाऊस असो की उघाडी, काम जास्त असो की कमी, सालगड्याचा हिशेब चालू राहतो. रोजंदाराचे तसे नसते. कापूस वेचणीच्या किंवा संत्रा तोडणीच्या दिवसांत त्याच्या हाताला मागणी असते, रोजही चढा मिळतो. काम संपले की मात्र तो घरी बसतो. सालगड्याचे वर्षाचे पैसे दिवसांनी भागले तर ऐन हंगामातल्या रोजापेक्षा ते कमीच भरतात. तरीही लोक सालाने राहतात, कारण रिकाम्या दिवसांची धास्ती मालकाने आपल्या डोक्यावर घेतलेली असते. कमी पडलेला पैसा ही त्या निश्चिंतीची किंमत.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच मांडले होते. वेगवेगळ्या कामांची मजुरी वेगवेगळी का असते याची जी कारणे त्याने दिली, त्यात काम सतत मिळते की अधूनमधून, हे एक कारण होते. त्याचे उदाहरण गवंड्याचे होते. कडाक्याच्या थंडीत किंवा वादळी हवेत गवंड्याला काम करता येत नाही, म्हणून काम असलेल्या दिवसांत त्याला इतरांपेक्षा जास्त मजुरी मिळायला हवी, असे तो म्हणतो.

पण सालगड्याच्या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. ज्याने मोठी उचल घेतली आहे, त्याला वर्ष मध्येच सोडता येत नाही. शेजारचा मालक जास्त द्यायला तयार असला तरी पाय अडकलेला असतो. म्हणजे एकाच करारात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत : मालक मजुराला काढू शकत नाही ही एक, आणि मजूर मालकाला सोडू शकत नाही ही दुसरी. पहिलीला हमी म्हणावे, दुसरीला बांधिलकी. बोलताना आपण दोन्हींना मिळून ‘पक्की नोकरी’ म्हणतो, पण पगारावर त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो. हा फरक बेसबॉलच्या इतिहासात जितका लख्ख दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसेल.

बेसबॉलचे शंभर वर्षांचे बंधन

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये १८७९ पासून संघमालकांनी एक राखीव कलम लागू केले. सुरुवातीला ते प्रत्येक संघातल्या मोजक्या खेळाडूंपुरते होते, पुढे सगळ्यांच्या करारात आले. त्याचा अर्थ असा की, करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहणार. संघ त्याला ठेवू शकत होता, दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकत होता किंवा घरी पाठवू शकत होता. खेळाडूला मात्र आपल्या मर्जीने दुसऱ्या संघात जाता येत नव्हते. दिलेल्या पैशांत खेळा, नाहीतर खेळ सोडा, एवढाच पर्याय त्याच्यापुढे होता. बांधिलकी जवळपास शंभर टक्के होती, हमी मात्र जेमतेम एका वर्षाची.

परिणाम पगारावर दिसत होता. १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेत काम केलेला मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला, तेव्हा वर्षाचा किमान पगार ६,००० डॉलर होता. जेराल्ड स्कली या अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये हिशेब मांडून दाखवला की, चांगला खेळाडू संघाला जेवढे उत्पन्न मिळवून देतो, त्याचा फार तर पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी त्याच्या हातात पडतो. उरलेले पैसे राखीव कलमाच्या जोरावर मालकांकडे राहत होते.

या कलमाला पहिला मोठा धक्का दिला कर्ट फ्लड या खेळाडूने. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. फ्लडने जायला नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. फ्लडची कारकीर्द त्या लढाईत संपली, पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न जिवंत राहिला. तोवर मिलरने करारातल्या तंट्यांसाठी बाहेरचा लवाद नेमण्याची तरतूद मालकांकडून मान्य करून घेतली होती आणि पुढे तिथूनच वाट निघाली.

राखीव कलमात लिहिले होते की, खेळाडूने नवीन करारावर सही केली नाही तर संघ जुना करार एक वर्ष वाढवू शकतो. मालकांचे म्हणणे असे की, वाढवलेल्या करारातही हे कलम असतेच, म्हणून तो दरवर्षी वाढवता येतो. १९७५ च्या हंगामात अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन गोलंदाज नव्या करारावर सही न करता राहिले आणि हंगाम संपल्यावर आपण मोकळे झालो असा दावा त्यांनी केला. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झने निर्णय दिला : एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. ते दोघे कुठेही जायला मोकळे आहेत.

त्या वर्षी बेसबॉल खेळाडूंचा सरासरी पगार सुमारे ४५,००० डॉलर होता. पाच वर्षांत, म्हणजे १९८० मध्ये, तो १,४०,००० डॉलरच्या वर गेला. १९९२ मध्ये त्याने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. २०२५ च्या हंगामाच्या सुरुवातीला तो पन्नास लाख डॉलरच्या वर होता आणि किमान पगार ७,६०,००० डॉलर. महागाई आणि दूरचित्रवाणीचे वाढलेले उत्पन्न हिशेबात घेतले तरी पहिल्या पाच वर्षांतली उसळी बांधिलकी सुटल्याचीच होती.

हमी आणि पैसा दोन्ही कसे वाढले?

नेहमीच्या गृहीतकाला छेद देणारी गोष्ट इथे घडली. पगार वाढत असताना हमीही वाढली. आधी एकेक वर्षाचे करार होत, ते आता पाच, सात, दहा वर्षांचे होऊ लागले. बेसबॉलमधल्या अशा करारांची रक्कम बहुधा पूर्ण हमीची असते. खेळाडू जखमी झाला, त्याचा सूर गेला किंवा संघाने त्याला वगळले, तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या संघाने हुआन सोटोशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला.

हे शक्य झाले, कारण खेळाडूसाठी आता एकाहून अधिक संघ बोली लावू शकत होते. स्पर्धा असली की संघ नुसता पैसा वाढवत नाहीत, वर्षेही वाढवतात. शिवाय मिलरने एक दूरदृष्टी दाखवली. साइट्झच्या निर्णयानंतर सगळ्याच खेळाडूंना दरवर्षी मोकळे करा, अशी कल्पना एका मालकाने मांडली होती. मिलरला त्याचीच धास्ती होती. शेकडो खेळाडू एकाच वेळी बाजारात आले तर भाव पडणार, हे त्याने ओळखले. म्हणून १९७६ च्या करारात त्याने सहा वर्षांची अट मान्य केली. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षे खेळलेल्यालाच मोकळीक मिळू लागली. त्यामुळे दरवर्षी मोजकेच खेळाडू बाजारात येतात आणि त्यांचा भाव टिकतो.

या रचनेत खेळाडूच्या कारकिर्दीचे तीन टप्पे पडतात. पहिली साधारण तीन वर्षे संघ ठरवील तो, म्हणजे किमान पगाराच्या आसपासचा आकडा मिळतो. पुढची तीन वर्षे पगारावर तंटा झाला तर खेळाडू लवादाकडे जाऊ शकतो. तिथे खेळाडू एक आकडा मांडतो, संघ दुसरा मांडतो आणि लवाद त्यातला एकच निवडतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना वाजवी आकडा मांडावा लागतो. सहा वर्षांनंतर खुला बाजार सुरू होतो. खेळाडू तोच असतो, हात तेच आणि कौशल्यही जवळपास तेच. तरीही प्रत्येक टप्प्यावर पगार झेपावतो, कारण त्याच्यामागे उभे असलेले संरक्षण बदलते. मोबदला ठरतो तो गुणवत्तेने आणि नियमांनी मिळून.

मग हमीची किंमत मोजावी लागतच नाही का? लागते, आणि ती कुठे मोजली जाते हे दोन तरुणांच्या करारांवरून दिसते. एप्रिल २००८ मध्ये इव्हान लाँगोरियाला मोठ्या लीगमध्ये येऊन जेमतेम आठवडा झाला होता. टँपा बेच्या संघाने त्याला सहा वर्षांसाठी १ कोटी ७५ लाख डॉलरची हमी दिली. त्याने ती घेतली. त्याच वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढे अनेक वर्षे त्याच्या खेळाच्या मानाने फार कमी पैशांत खेळला. २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने जॉन सिंगलटनला मोठ्या लीगमधला एकही सामना खेळण्याआधी पाच वर्षांसाठी १ कोटी डॉलरचा करार दिला. त्याने स्वतःला स्वस्तात विकले, अशी टीका इतर खेळाडूंनी केली. पण सिंगलटनची फलंदाजी मोठ्या लीगमध्ये चालली नाही आणि २०१८ मध्ये संघाने त्याला सोडले. करारातल्या हमीमुळे त्याचे पैसे मात्र बुडाले नाहीत.

एकाने कमी घेतले, दुसऱ्याला त्याच्या खेळाच्या मानाने जास्त मिळाले. सही करताना आपण कोणत्या गटात जाणार हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. विमा असाच चालतो. ज्याच्या घरी शिल्लक नाही, त्याला विम्याची गरज जास्त, म्हणून तो विम्यासाठी जास्त किंमत मोजतो. गरीब घरातला गुणी खेळाडू श्रीमंत घरातल्या खेळाडूपेक्षा लवकर आणि कमी पैशांत सही करतो, याचे कारण हेच आहे.

हमीवर घेतला जाणारा एक आक्षेप इथे तपासायला हवा. पैसे पक्के झाले की माणूस सैलावतो, असे म्हणतात. केनेथ लेन या अभ्यासकाने १९८२ मध्ये दाखवले की, दीर्घ मुदतीचे हमीचे करार आल्यावर खेळाडूंचे दुखापतीमुळे बाहेर बसण्याचे दिवस वाढले. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे. पण त्याच आकड्यांना दुसरा अर्थही आहे. ज्याला हमी नाही, तो दुखरा खांदा लपवून खेळतो, कारण बाहेर बसला तर जागा जाईल ही भीती असते. वेगवान गोलंदाजाच्या गुडघ्याला किंवा पाठीला ती लपवाछपवी फार महाग पडते. बाहेर बसण्याचे काही दिवस आळसाचे असतील, पण काही दिवस वेळेवर घेतलेल्या उपचारांचेही असतात.

नायडूंपासून वाडेकरांपर्यंत

आपल्याकडे हमी आली ती खेळाच्या बाहेरून. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला. १९२३ मध्ये होळकर संस्थानाच्या बोलावण्यावरून ते नागपूर सोडून इंदूरला गेले आणि त्यांना संस्थानच्या फौजेत अधिकारपद मिळाले. विदर्भाच्या मातीतला सर्वांत मोठा फलंदाज गेला तो स्थिर जागेसाठी. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नव्हते, पण क्रिकेटवर प्रेम करणारा राजा नोकरी देऊ शकत होता.

संस्थाने गेली आणि त्यांची जागा बँका, कापड गिरण्या, कंपन्या आणि रेल्वेने घेतली. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, एकनाथ सोलकर मफतलालमध्ये, सुनील गावसकर आणि संदीप पाटील निरलॉनमध्ये. मुंबईत कंपन्यांच्या संघांमधली टाइम्स शील्ड स्पर्धा चुरशीने खेळली जाई. खेळाडूला दर महिन्याला पगार मिळे, सामन्यांसाठी रजा मिळे आणि खेळ संपल्यावर खुर्ची शाबूत असे. या व्यवस्थेमुळे क्रिकेट मंडळाला सामन्याचे मानधन तुटपुंजे ठेवता आले. १९८३ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. खेळाडूच्या संसाराची जबाबदारी बँक किंवा गिरणी उचलत होती, म्हणून खेळावर कमावणाऱ्यांनी ती कधी उचललीच नाही.

आजचा विदर्भ : करार, लिलाव आणि सामन्याचा रोज

आज क्रिकेटमध्ये पैसा आहे, पण तो तीन थरांत वाटला जातो आणि प्रत्येक थरातली हमी वेगळी आहे.

सर्वांत वरचा थर केंद्रीय कराराचा आहे. भारतीय क्रिकेट मंडळाने २००४ मध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हा वरच्या श्रेणीला वर्षाला ५० लाख रुपये ठरले होते. २०१८ मध्ये चार श्रेणी करून ७, ५, ३ आणि १ कोटी असे आकडे ठरले. सामन्यांचे मानधन वेगळे. पण हा करार एकाच वर्षाचा असतो. जून २०२३ मध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळलेल्या उमेश यादवचे नाव फेब्रुवारी २०२४ च्या यादीत नव्हते.

दुसरा थर आयपीएलचा. इथे लिलाव असल्यामुळे स्पर्धा खरी आहे, पण खेळाडूला संघात ठेवायचे की सोडायचे हे संघ ठरवतो. अमरावतीच्या जितेश शर्माला २०२२ मध्ये पंजाबच्या संघाने २० लाखांना घेतले. तीन हंगाम तो त्याच संघात राहिला आणि तेवढ्या काळात भारताकडूनही खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या लिलावात तो आला, तेव्हा बंगळुरूच्या संघाने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. २० लाख ते ११ कोटी म्हणजे ५५ पट. जितेशचा खेळ नक्कीच सुधारला होता, पण ५५ पट नव्हे. उरलेला फरक खुल्या बाजारात उभे राहायला मिळाल्याचा होता. बेसबॉलमध्ये सहाव्या वर्षानंतर दिसणारी झेप ती हीच. त्याच लिलावात उमेश यादववर कोणीच बोली लावली नाही. त्याच्या आदल्या हंगामासाठी गुजरातच्या संघाने त्याला ५ कोटी ८० लाखांना घेतले होते. एका वर्षात ५ कोटी ८० लाखांवरून शून्य. कसोटीपटू असताना घेतलेल्या बँकेतल्या नोकरीचा अर्थ इथे उलगडतो.

तिसरा थर रणजीचा, आणि बहुसंख्य खेळाडू याच थरात असतात. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा रणजी करंडक जिंकला. या पातळीवर मिळणारा पैसा म्हणजे रोजंदारी आहे. २०२१ मध्ये मंडळाने दर ठरवले : २० सामन्यांपर्यंतचा अनुभव असलेल्याला दिवसाला ४०,००० रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५०,००० आणि त्याहून अनुभवी खेळाडूला ६०,०००. अंतिम अकरांत नसलेल्या राखीव खेळाडूला याच्या निम्मे.

नवोदिताचा हिशेब करून पाहू. साखळीतले सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे २८ दिवस. सगळे सामने खेळला तर ११ लाख २० हजार. सगळा हंगाम राखीव बसला तर ५ लाख ६० हजार. दोन सामन्यांनंतर वगळला गेला तर ३ लाख २० हजार. एकदिवसीय आणि टी-२० स्पर्धांचे पैसे वेगळे, पण तिथेही निवड व्हावी लागते. पुढच्या वर्षी काय, याची खात्री कुणी देत नाही.

या व्यवस्थेची खरी परीक्षा कोरोनाच्या काळात झाली. २०२०-२१ मध्ये रणजी स्पर्धा झाली नाही. १९३४-३५ मध्ये सुरू झाल्यापासून ती रद्द होण्याची ही पहिलीच वेळ. सामने नाहीत म्हणून मानधन नाही. केंद्रीय करारातल्या खेळाडूंचे वर्षाचे पैसे ठरलेले होते. रणजी खेळाडूकडे करारच नव्हता. आदल्या हंगामात खेळलेल्यांना निम्मे मानधन भरपाई म्हणून देण्याचा निर्णय मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला. तोवर घर चालले ते ज्यांच्याकडे नोकरी होती त्यांचे, किंवा घरच्यांच्या कमाईवर.

शिपायाची नोकरी आणि खेळाडूचे आयुष्य

आता नरखेडच्या त्या पोरासमोरची दोन पारडी पाहा. महाराष्ट्रात पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. वर्षाचे २ लाख ६० हजार झाले, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. रणजीत पूर्ण हंगाम खेळणाऱ्याच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण शिपाई ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि दरवर्षी त्याची वेतनवाढ होते. रणजी खेळाडूची कारकीर्द दहा वर्षे टिकली तरी पुष्कळ. शिवाय २०२४-२५ च्या हंगामात देशभरात रणजीचे ३८ संघ होते. प्रत्येकी पंधरा खेळाडू धरले तर साऱ्या देशातून ५७० जण. आयपीएलच्या दहा संघांत भारतीयांच्या जागा सुमारे १७०. या आकड्यांकडे पाहून आईवडील भरतीचा आग्रह धरत असतील, तर त्यांचा हिशेब चुकीचा नाही.

ज्या खेळांना बाजारच नाही, तिथे नोकरी हाच मोबदला असतो. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले आणि १९५५ मध्ये त्यांना पोलीस दलात उपनिरीक्षकाची जागा मिळाली. आधी पदक, मग नोकरी असा तो क्रम होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेच्या बाबतीत क्रम उलटा झाला. तो २०१५ मध्ये रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत त्याने कांस्यपदक मिळवले. मधली नऊ वर्षे दरमहा येणाऱ्या पगाराने सांभाळली. हमीमुळे माणूस सैलावतो असे म्हणणाऱ्यांनी ही नऊ वर्षे लक्षात घ्यावीत.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याची किंमत लोकांना किती वाटते, हे बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे राज्यात उघडकीस आली त्यांवरून कळते. खोट्या प्रमाणपत्रावर गेलेली प्रत्येक जागा ही कुणा खऱ्या खेळाडूच्या घामाची चोरी आहे.

काय व्हायला हवे?

बेसबॉलमध्ये वरच्या पातळीवर सुधारणा १९७० च्या दशकात झाली. खालच्या लीगमधले खेळाडू मात्र त्यानंतरही अनेक वर्षे तुटपुंज्या पैशांत राबले. २०२२ मध्ये तेही संघटित झाले आणि २०२३ च्या करारात सर्वांत वरच्या दुय्यम लीगमधला वर्षाचा किमान पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेला. खेळ आणि प्रेक्षक तेच होते. खेळाडूंना एकत्र बोलता आले, एवढाच बदल झाला.

भारतात २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. आज मैदानात असलेल्या रणजी खेळाडूच्या वतीने टेबलापलीकडे बसून बोलणारे कोणी नाही. म्हणून पहिली गरज आहे ती देशांतर्गत खेळाडूंना वार्षिक कराराची. राज्य संघात निवड झालेल्या प्रत्येकाला सामना होवो न होवो, वर्षाची एक किमान रक्कम मिळावी आणि खेळताना दुखापत झाली तर त्या हंगामाचे पैसे कापले जाऊ नयेत. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला हे परवडणारे आहे. दुसरी गरज आहे खेळत्या खेळाडूंच्या मान्यताप्राप्त संघटनेची. तिच्याशिवाय पहिली मागणी कागदावरच राहील.

आणि नरखेड, काटोल, वरूडच्या आईवडिलांना एक सांगणे. मुलापुढे एखाद्या संघाचा, अकादमीचा किंवा लीगचा करार आला, तर आकड्याच्या आधी चार गोष्टी विचारा. करार किती वर्षांचा आहे? दुखापत झाली तर पैसे मिळणार का? संघ त्याला कधीही काढू शकतो का? आणि त्याला दुसरीकडे जायचे असेल तर सोडणार का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे संघाच्याच सोयीची असतील, तर वरचा आकडा कितीही मोठा दिसला तरी सही करण्याआधी जाणकार वकिलाला कागद दाखवा. मुलाला बांधणारा कागद आणि मुलाला सांभाळणारा कागद यांतला फरक सहीच्या आधीच ओळखता आला पाहिजे.